अकोल्यात पश्चिममुखी प्लॉटवर घर बांधतोय, 'पॅसिव्ह सोलर' आपल्याकडे खरंच चालतं का?

अकोलेकर_३०बाय५०

नमस्कार मंडळी. अकोल्यात ३० बाय ५० चा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला, उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे आज ना उद्या घरं उभी राहणारच. दिवाळीनंतर काम सुरू करायचंय. ग्राउंड प्लस वन, खाली हॉल किचन एक बेडरूम, वर दोन बेडरूम. आता अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको, मे महिन्यात ४४-४५ म्हणजे रोजचंच, आणि आईला एसी अजिबात सोसत नाही, गुडघे धरतात तिचे, त्यामुळे एसीच्या भरवशावर घर बांधायचं नाहीये मला. युट्यूबवर पॅसिव्ह सोलरचे (म्हणजे यंत्राशिवाय, घराच्या रचनेनेच ऊन-सावली सांभाळायची पद्धत) बरेच व्हिडिओ पाहिले, सगळे सांगतात की दक्षिणेला मोठी काच घ्या, आतमध्ये जाड भिंत आणि काँक्रीटची फरशी ठेवा, ती ऊन साठवते वगैरे. एकाने तर काचेच्या मागे काळी भिंत बांधून दाखवली. इकडे आमचे प्लॅनवाले साहेब म्हणतात की समोरच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, वरपासून खालपर्यंत काच द्या, एलिव्हेशन भारी दिसतं. आणि बाबा म्हणतात दक्षिणेला खिडकीच नको, दक्षिण तापते. तिघांची तीन तोंडं, माझं डोकं चालेना. बजेट बेताचं आहे. कुणी आपल्या भागात असं घर बांधलं असेल किंवा यातलं कळत असेल तर कृपा करून सविस्तर सांगा, पैसा नेमका कुठं घालू आणि कुठं नको?

परतवाडा_ते_डेन्वर

भाऊ, मूळचा परतवाड्याचा, आता बरीच वर्षं डेन्वरला आहे, त्यामुळे दोन्हीकडचं ऊन अंगावर घेतलेलं आहे. तू बघतोयस ते व्हिडिओ बरोबरच आहेत पण ते आमच्या इथल्या घरांचे आहेत, तिथली अडचण थंडीची आहे आणि तुझी अडचण उन्हाची आहे, एवढा एक फरक धरला की सगळा हिशोब उलटा होतो. डेन्वर साधारण ३९.७ अंश अक्षांशावर, डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतो, म्हणजे ७ फूट उंचीच्या खिडकीतून ऊन घरात जवळजवळ १४ फूट आत जातं, बाहेर बर्फ असताना ते हवंच असतं. अकोला २०.७ अंशावर. तिथं डिसेंबरच्या दुपारी सूर्य ४६ अंशावर असतो, त्याच खिडकीतून ऊन ७ फूटच आत येणार, आणि अकोल्याची थंडी म्हणजे रात्री १०-१२ डिग्री, स्वेटर आणि गोधडीत भागते. त्या थंडीसाठी काचेची भिंत बांधायची आणि मग मार्च ते जून ती सोसायची, याला अर्थ नाही.

आता दक्षिणेचं. तुझ्या बाबांसारखं आमच्याही घरी सगळे म्हणायचे की दक्षिण तापते, पण कागदावर काढून बघ. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास अकोल्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन मे-जूनमध्ये दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये पडतं पण इतकं उभं असतं की दोन फुटी छज्जाने खिडकी आरामात झाकली जाते. ऑक्टोबर हीटमध्ये, साधारण १५ तारखेला, दुपारी सूर्य ६१ अंशावर असतो, दोन फूट छज्जाची सावली साडेतीन फूट खाली येते, म्हणजे चार फुटी खिडकी जवळपास पूर्ण झाकली. आणि डिसेंबरात त्याच छज्जाची सावली दोनच फूट येते, खालची अर्धी खिडकी उन्हात. म्हणजे दक्षिणेची खिडकी ही एका साध्या छज्जाने सांभाळता येणारी खिडकी आहे. फक्त छज्जा लिंटेललाच, म्हणजे खिडकीच्या लगेच वरच्या पट्टीलाच हवा, दोन फूट वर सरकवला तर हा हिशोब बसत नाही.

खरी अडचण पश्चिम. चार-पाच वाजता सूर्य खाली येतो, समोरून आत घुसतो, कितीही लांब छज्जा काढ, त्याच्या खालून येणारच. वर त्या वेळी बाहेरची हवाही दिवसातली सगळ्यात तापलेली असते. त्यामुळे पश्चिमेला काचेचं एलिव्हेशन हे कृपा करून करू नकोस, त्या साहेबांना हात जोडून सांग. तुझं नशीब एका बाबतीत चांगलं आहे, प्लॉट पूर्व-पश्चिम लांब आहे, म्हणजे पश्चिमेची भिंत फक्त ३० फुटी, आणि लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, ज्यांना शेजारची घरंच सावली देतील. हां, दक्षिणेचा शेजारी दोन मजली झाला की खालच्या मजल्याचं हिवाळ्याचं ऊन जाणार, ते वरच्या खोल्यांतच मिळेल.

स्लॅबवरचा_माणूस

वरच्या दादांनी कोन फार छान समजावले. मी नागपूरला साइटवर काम करतो, आता छताबद्दल बोलतो कारण या सगळ्या चर्चेत लोक भिंती-खिडक्यांवर बोलत राहतात आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त उष्णता येते ती डोक्यावरून. साधी गोष्ट आहे, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तर सगळ्यात जास्त ऊन कोण खातं, तर आडवी स्लॅब. मेमध्ये कुठल्याही वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहाला स्टूलवर चढा आणि स्लॅबला खालून हात लावा. बाहेर बऱ्यापैकी निवलेलं असतं आणि स्लॅब मात्र अजून चटका देत असते. दुपारभर वरून खाल्लेलं ऊन काही तासांनी खालच्या बाजूला पोचतं, नेमकं तुमच्या झोपायच्या वेळी, आणि मग पंखा लावला की तो तीच गरम हवा अंगावर ढकलतो. बरेच जण म्हणतात पीओपीची सिलिंग करून घेऊ, थोडा फरक पडतो, पण स्लॅब तर तापलीच ना, ती उष्णता वर अडवायला पाहिजे, खाली नाही.

काय करायचं ते सांगतो. स्लॅब टाकली, क्युरिंग झालं, वॉटरप्रूफिंग झालं की त्यावर ५० एमएमचे एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारे घट्ट फोमचे बोर्ड) टाकायचे, सांधे नीट टेपने बंद करायचे, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, मग जाळी टाकून स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) उताराला आणि वर पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). साधा थर्माकोल टाकू नका, तो पाणी धरतो आणि मग त्याचा उपयोग संपतो, एक्सपीएस पाणी पीत नाही. आपल्याकडचे मिस्त्री म्हणतील ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) बस झाला. कोबा चांगलाच आहे, उतार मिळतो, वॉटरप्रूफिंगला आधार होतो, पण उष्णतेच्या बाबतीत फार मोठी आशा धरू नका. केंद्राची इको निवास संहिता (घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली) २०१८ मध्ये आली, तिच्यात घराच्या छताचा यू-व्हॅल्यू १.२ च्या आत ठेवा म्हणून सांगितलंय (हा आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी झिरपते), नुसत्या कोब्याने तिथपर्यंत पोचता येत नाही, बोर्ड टाकले की त्याच्याही बऱ्याच खाली येतो.

आणि बजेट अगदीच नसेल तर पांढरा रंग. कोऱ्या काँक्रीटवर पडलेल्या उन्हातलं फार थोडं परत जातं, ताज्या पांढऱ्या गच्चीवरून बरंचसं परत जातं, यात जादू काही नाही. चुना, व्हाइट सिमेंट आणि फेविकॉल कालवून केरसुणीने दोन हात मारले तरी चालतं, गुढीपाडव्याच्या आत मारा. फक्त आपल्याकडची धूळ बघता दरवर्षी गच्ची धुवावी लागेल आणि परत हात मारावा लागेल, मळलेली पांढरी गच्ची अर्ध्याच कामाची.

भिंतीचं थोडक्यात. पश्चिमेची भिंत ४ इंची अजिबात नको, ९ इंची तरी करा, जमलं तर मधे दोन इंच पोकळी सोडून दुहेरी. तुमच्याकडे पारसच्या वीज केंद्रामुळे फ्लायॲशच्या विटा सहज मिळतात, त्या चालतील पण त्या लाल विटेपेक्षा थंड असतात वगैरे जे विकणारे सांगतात ते सोडून द्या. पश्चिमेला एएसी ब्लॉक (हवेचे बारीक बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) घेतले तर उष्णता अडवायला ते विटेपेक्षा खूप चांगले.

धाब्याचं_घर

बाळा, आमचं घर बुलढाणा जिल्ह्यातलं, धाब्याचं होतं, आता पाडलं. दीड-दीड हाताच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. भर दुपारी आत आलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. आजकाल सगळे म्हणतात जुन्या पद्धतीने बांधा म्हणजे थंड राहील, ते खरं आहे पण अर्धंच खरं आहे, राहिलेलं अर्धं कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. आम्ही त्या घरात उन्हाळ्यात रात्री झोपतच नव्हतो. दिवसभर त्या भिंतींनी ऊन पिलेलं असायचं, ते रात्री आत सोडायच्या. अख्खं घर अंगणात नाहीतर धाब्यावर बाजा टाकून झोपायचं, पहाटे गार वारा सुटला की घराची दारं-खिडक्या उघडायच्या, आणि ऊन वर आलं की सगळं बंद. घर आणि माणसं मिळून ती पद्धत चालायची. आता तुम्ही प्लॉटवर राहणार, डास, चोरीची भीती, वर लाइट, अंगणात कोण झोपणार. मग जाड भिंतीच्या बेडरूममध्ये रात्री उकडणारच.

म्हणून माझं म्हणणं असं की दिवसाच्या खोल्या आणि रात्रीच्या खोल्या वेगळ्या धरून विचार कर. हॉल, किचन, जिथं दुपारी बसता तिथं जाड भिंत, जाड फरशी चालते. झोपायच्या खोलीला ऊन लागूच देऊ नये, आणि रात्री तिच्यातून वारा आरपार गेला पाहिजे.

सेवाग्रामला जाऊन आला नसशील तर एकदा मेमध्ये जा, वर्धा काही लांब नाही. गांधीजी १९३६ ला तिथं राहायला गेले, तेव्हाची आदी निवास, बापू कुटी अजून उभी आहे. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, आणि बाजूने ओसरी. भिंतीवर ऊन पडायच्या आधी ते ओसरीवर पडतं. कवेलूचं छत दुपारी तापतं पण हलकं असल्यामुळे आणि फटीतून हवा जात असल्यामुळे दिवस मावळला की लवकर निवतं. तुला काय उचलायचंय तर ती ओसरी उचल, पश्चिमेच्या भिंतीपुढं काहीतरी सावलीचं उभं कर.

लेहला_होतो

नोकरीच्या निमित्ताने लेहला राहिलोय म्हणून त्या काळ्या भिंतीबद्दल सांगतो. तिला ट्रॉम्ब वॉल म्हणतात, फ्रान्समधल्या फेलिक्स ट्रॉम्ब यांच्यामुळे ते नाव पडलं, दक्षिणेकडे जाड गडद भिंत, तिच्यापुढं थोडं अंतर सोडून काच, भिंतीला खाली-वर झरोके. ऊन काचेतून आत येतं, भिंत तापते, मधली हवा गरम होऊन वरच्या झरोक्यातून खोलीत जाते आणि रात्री भिंत स्वतः ऊब देत राहते. लडाखमध्ये हे अक्षरशः जीव वाचवणारं आहे. फे गावाजवळ सेकमॉलची शाळा आहे, सोनम वांगचुक यांची, दाबलेल्या मातीच्या भिंती, सगळी तोंडं दक्षिणेला, बाहेर उणे वीसच्या आसपास असताना आतमध्ये मुलं शेगडीशिवाय बसतात. तिथली हवा कोरडी, आभाळ निरभ्र, ऊन भरपूर आणि थंडी भयंकर, या चारही गोष्टी जुळतात म्हणून ते जमतं. अकोल्यात तीच भिंत बांधली तर तुम्ही स्वतःच्या पैशाने भट्टी बांधली असं होईल. अजिबात नको.

झाडवाली_ताई

झाडांचा विषय कुणी काढलाच नाही म्हणून. इंटरनेटवर सगळीकडे सल्ला असतो की घराभोवती पानगळीची झाडं लावा, उन्हाळ्यात सावली देतात आणि हिवाळ्यात पानं गळून ऊन आत येतं. तो युरोप-अमेरिकेचा हिशोब, तिथली पानगळ थंडीची. आपल्या विदर्भातली पानगळ उन्हाळ्याची आहे! साग बघा, ऐन तापायला लागलं की उघडा होतो आणि पाऊस आला की पालवतो. पळस मार्चमध्ये फुलतो तो पानं झाडूनच. म्हणजे घरापुढं साग लावला तर नेमकं पाहिजे तेव्हा सावली नाही. पश्चिमेला कडुनिंब लावा, त्याची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये झडली तरी लगेच नवी येतात आणि मेमध्ये तो गच्च असतो. करंजही तसाच. जागा कमी असेल तर बकुळ, कायम हिरवी. फक्त अकोल्याची काळी माती आहे, भिंतीला चिकटून मोठं झाड लावू नका, मुळं ओल ओढतात आणि ती माती फुगते-आकसते, पाया हलतो. पश्चिमेला रस्त्याच्या कडेला लावता आलं तर उत्तम. झाड मोठं होईपर्यंत पश्चिमेच्या बाजूला बाहेरून बांबूची चटई नाहीतर हिरवी नेट सोडा. बाहेरून म्हणतेय. पडदा आतून लावला की ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं, मग पडदा तापतो आणि खोलीही.

रत्नागिरीकर

वाचतोय, मस्त चाललीय चर्चा. आमच्याकडे कोकणात हेच करायचं का? गावाला घर बांधायचा विचार आहे.

स्लॅबवरचा_माणूस

दादा, कोकणाचं बरंच वेगळं. तुमच्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक कमी आणि दमटपणा भरपूर, त्यामुळे जाड भिंतीत रात्रीचा गारवा साठवून दिवसा वापरायचा हा खेळ तिथं फारसा जमत नाही. तुम्हाला अंगावर वारा पाहिजे, समोरासमोर मोठ्या खिडक्या, उंच उतरतं छप्पर, लांब पागोळ्या, पडवी. पांढरं किंवा इन्सुलेशन केलेलं छत मात्र दोन्हीकडे कामाचं. वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

अकोलेकर_३०बाय५०

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी समोरासमोर बसूनही सांगितलं नसतं. बाबांना सावलीचा हिशोब काढून दाखवला, दक्षिणेच्या खिडक्यांना तयार झाले. पश्चिमेची काच रद्द. आता जिना आणि दोन्ही बाथरूम पश्चिमेला घेतोय म्हणजे ऊन खायला तेच पुढं राहतील, वास्तूचंही आडवं येत नाही म्हणाले. अजून तीन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, आई-बाबांची खोली वर रस्त्याच्या बाजूला हवी असं त्यांचं म्हणणं आहे, काय करू? दोन, जमिनीखालून पाइप टाकून त्यातून थंड हवा घरात घेतात ते कसं आहे? आणि तीन, एसी नाही तर कूलर तर लागणारच ना शेवटी?

परतवाडा_ते_डेन्वर

आई-बाबांना खालीच दे, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला. वर अख्खा मजला असला की त्यांच्या डोक्यावर ऊन नाही, मेमध्ये वरची आणि खालची खोली यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि गुडघे दुखतात त्या माउलीला जिना कशाला. उत्तरेच्या खिडक्यांबद्दल एक राहिलं, मे-जूनमध्ये सूर्य उगवतो ईशान्येकडे कलून आणि मावळतो वायव्येकडे कलून, म्हणजे उत्तरेलाही सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं. उत्तरेच्या खिडकीला पश्चिमेच्या बाजूने एक उभी फिन (बाहेर काढलेली पडदी) दे, तेवढ्याने भागेल.

पाइपचं म्हणशील तर तत्त्व बरोबर आहे, तीन-चार मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, तुमच्याकडे साधारण २७ च्या आसपास. गुरुग्रामजवळ टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या रिट्रीट इमारतीत असं केलेलं आहे. पण ३० बाय ५० च्या प्लॉटवर एवढा लांब आणि खोल चर काळ्या मातीत खणायचा, पावसाळ्यात त्यात पाणी शिरणार नाही हे बघायचं, ओल धरून वास येणार नाही हे बघायचं, तेवढ्या पैशात तुझं अख्खं छत इन्सुलेट होतं. सोड तो नाद.

स्लॅबवरचा_माणूस

कूलर लागणारच, आणि त्यात काही कमीपणा नाही. मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते, दुपारी ४३ डिग्री आणि २० टक्के आर्द्रता धरली तर ओल्या फडक्याचं तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) २५ च्या आसपास येतं, म्हणजे चांगला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर २८ पर्यंत हवा देऊ शकतो. घर आधीच कमी तापलेलं असेल तर छोटा कूलर पुरतो आणि पाणीही कमी लागतं, आणि अकोल्यात पाण्याची काय गत असते ते तुम्हाला माहीत आहे, काटेपूर्णा धरण भरलं तर ठीक. म्हणून संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचा जो उपाय आहे तो मी सुचवत नाही.

पण कूलरचा विचार प्लॅनमध्येच करा. लोक घर बांधून झाल्यावर पश्चिमेच्या खिडकीला कूलर टांगतात, तिथं तो स्वतःच उन्हात. उत्तरेला किंवा पूर्वेला कूलरसाठी खिडकी, खाली ओटा, नळाचा पॉइंट आणि सांडपाण्याला उतार आत्ताच काढून घ्या. आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला जागा हवीच, नाहीतर खोली नुसती दमट होते. जिन्याच्या वरच्या टॉवरला चारही बाजूंनी उघडणारे झरोके ठेवा, रात्री खालच्या खिडक्या आणि ते झरोके उघडले की गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. त्यासाठी खालच्या खिडक्यांना मजबूत ग्रिल आणि मच्छरजाळी पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर भीतीपोटी कुणी खिडकी उघडी ठेवणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा असतो, त्यामुळे पश्चिमेला एखादी छोटी लाकडी झडपेची खिडकी ठेवा, दिवसा घट्ट बंद आणि रात्री उघडी.

सोलर पॅनल लावणार असाल (फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे) तर ते सात-आठ फूट उंच स्ट्रक्चरवर घ्या, बेडरूमच्या वरच्या स्लॅबला सावली मिळते आणि खालून वारा खेळला की पॅनलही कमी तापतात. त्या स्ट्रक्चरच्या खांबांसाठी पेडेस्टल (काँक्रीटचे छोटे ओटे) आणि बोल्ट स्लॅब टाकतानाच सोडून घ्या. वॉटरप्रूफिंग आणि बोर्ड झाल्यावर ड्रिल मारायला कुणालाही गच्चीवर चढू देऊ नका. स्लॅब टाकायची तारीख ठरली की इथं कळवा, बोर्डांची जाडी आणि उताराचे लेव्हल मी बघून सांगतो.